कातळावरची शिरगणती

आधी आवाज येतो. माथा अजून दिसत नाही, पायवाट झाडीतून वर चढते आहे आणि वरून बंदुकीचे बार ऐकू येताहेत. एक, मग लगोलग पाच-सात, मग थोडी उसंत, पुन्हा एक. १९३२ सालचा ऑक्टोबर आहे, सुटीचा दिवस. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्कूकिल परगण्यातल्या ड्रेहर्सव्हिल गावाहून डोंगर ओलांडून जाणाऱ्या रस्त्याने तुम्ही इथवर आला आहात. खाली रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली आहे. पायाखाली ओकची तांबूस पानं कुरकुरताहेत. मधूनमधून साल गळालेले चेस्टनटचे करडे सांगाडे उभे आहेत; बाहेरून आलेल्या एका बुरशीने गेल्या तीसेक वर्षांत या डोंगरांतला चेस्टनट जवळपास संपवला आहे.

झाडी सरते आणि कातळ उघडा पडतो. पांढुरक्या वालुकाश्माची ही सोंड समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. खाली दरी, शेतं, कोठारं, लांबवर गेलेली डोंगराची धार. आणि कातळावर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या हातात बंदूक. पुठ्ठ्याच्या, पितळी बुडाच्या पुंगळ्यांचा असा खच पडला आहे की पाऊल टाकताना जपावं लागतं.

या माणसांचे चेहरे नीट पाहून घ्या. उत्तरेकडच्या दगडी कोळशाच्या गावांतून आलेले खाणकामगार आहेत. मंदीने त्यांचं काम गेलं आहे. खालच्या दरीतले शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, बापाबरोबर आलेली पोरं आहेत. आपण काही वाईट करतो आहोत असं यांतल्या कुणालाही वाटत नाही. हॉक म्हणजे कोंबड्या उचलणारा, ससे आणि रानकोंबडे मारणारा चोर, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं आहे. राज्य सरकारच्या शिकार खात्याचंही मत तेच. १९२९ पासून गॉसहॉक हा मोठा बाज मारून आणणाऱ्याला खातं पाच डॉलर इनाम देतं. या दिवसांत पाच डॉलर फार मोठी रक्कम आहे. गॉसहॉक कुठला आणि दुसरा हॉक कुठला हे ओळखणारे मात्र इथे फार थोडे. म्हणून जो येईल त्याच्यावर बार काढायचा, ओळख नंतर पटवायची.

तो पाहा, एक आला. धारेला लागून, पंख स्थिर ठेवून, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर. शार्प-शिन्ड हॉक, आपल्या शिक्र्याचा चुलतभाऊ. आखूड गोल पंख, लांब शेपूट. दोन-तीनदा पंख मारतो, मग तरंगतो, पुन्हा दोन-तीनदा मारतो. तो इतका जवळून जाणार आहे की डोळ्याचा रंग दिसावा. पण तेवढ्यात दहा-बारा बंदुका एकदम वाजतात, पक्षी हवेतच मुडपतो आणि कड्यापलीकडच्या झाडीत पडतो. त्याला आणायला कुणी जात नाही. सगळ्यांची नजर आधीच पुढच्या पक्ष्यावर गेलेली असते.

आता खाली उतरा, जिथे ते पडताहेत तिथे. रिचर्ड पो नावाचा फिलाडेल्फियाचा एक तरुण तिथे झाडीत वाकून पक्षी गोळा करतो आहे. जमिनीवर मेलेले आहेत आणि न मेलेलेही. पंख मोडून दगडांच्या फटीत बसलेले, जवळ गेल्यावर चोच उघडणारे. तुम्हीही एक उचलता. अंग अजून गरम आहे आणि वजन जवळजवळ नाहीच. इतकं हलकं काही इतक्या लांबून, थेट कॅनडाच्या जंगलांतून येत असेल, यावर विश्वास बसत नाही. पो सगळे पक्षी मोकळ्या जागी आणतो, पानांवर ओळीने उताणे मांडतो. एक ओळ, दुसरी, तिसरी. मग मागे सरकून त्यांचे फोटो काढतो.

या डोंगरावरच्या शिकारी पक्ष्यांची पहिली मोजदाद मेलेल्यांचीच होती. पोच्या आधी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस, जॉर्ज सटन हा पक्षिशास्त्रज्ञ इथे मारलेल्या हॉकांचा अभ्यास करत होता. त्याने त्यावर लेख लिहिले आणि तेच वाचून पक्षिप्रेमींना या जागेचा पत्ता लागला. इथून किती पक्षी जातात, हे शास्त्राला कळलं ते किती मारले जातात यावरून.

दोन वर्षं पुढे चला. मधला भाग भरभर ओलांडू, कारण तो बंद खोल्यांत घडतो. पोचे फोटो १९३३ साली न्यूयॉर्कमधल्या एका सभेत दाखवले जातात. श्रोत्यांत रोझली एज ही पन्नाशी ओलांडलेली बाई बसलेली असते. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती लढली आहे आणि १९२९ पासून स्वतः काढलेल्या समितीच्या पत्रकांतून पक्षिरक्षणाच्या मोठ्या संस्थांनाही धारेवर धरते आहे. फोटो पाहून हळहळणारे पुष्कळ होते. एजबाईंनी चौकशी केली की हा डोंगर कुणाचा आहे आणि तो मिळेल का. १९३४ साली ५०० डॉलर भरून त्यांनी सुमारे १४०० एकर जमीन वर्षभराच्या भाडेपट्ट्याने घेतली, खरेदीचा हक्क राखून. मग राखणदार म्हणून एका जोडप्याला गळ घातली. मॉरिस आणि इर्मा ब्राउन. लग्न त्याच वर्षी झालेलं, दोघांनी तिशीही गाठलेली नाही. पहिल्या हंगामात पगार नाही, फक्त खर्च.

तर हा १९३४ चा शरद ऋतू. रस्ता तोच, चढ तोच. झाडांवर ताज्या पाट्या ठोकल्या आहेत: प्रवेश बंद, शिकार बंद. आणि जिथून कातळाची पायवाट फुटते तिथे इर्मा ब्राउन उभी आहे. तिच्या मागे, झाडाला टेकून तुम्ही उभे राहा. गाडी येऊन थांबते. चार माणसं उतरतात, बंदुका काढतात. इर्मा पुढे होते आणि सांगते की आता ही जागा राखीव आहे. त्यांचा आधी विश्वास बसत नाही, मग आवाज चढतो. आपल्या बापजाद्यांच्या डोंगरावर न्यूयॉर्कच्या कुणा बाईने येऊन हक्क सांगावा, हा राग खरा आहे आणि तो तुम्हाला कळतोही. इर्माच्या हातात काही नाही. ती जागची हलत नाही, एवढंच. थोड्या वेळाने गाडी वळते. मग दुसरी येते. नवऱ्याचं नाव पुढे पुस्तकांत मोठं झालं, त्याने स्वतःही या डोंगरावर पुस्तक लिहिलं. पण तो वर कातळावर दुर्बीण लावून निवांत बसू शकला तो ही बाई खाली नाक्यावर उभी होती म्हणून. मला या साऱ्या कहाणीत सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो इर्माच्या उभं राहण्याचा.

आता वर चला. कातळ तोच आहे, पुंगळ्याही अजून दगडांच्या खाचांत पडून आहेत, पण आवाज गेला आहे. वाऱ्याचाच काय तो आवाज. मॉरिस ब्राउन एका दगडाला पाठ टेकून बसला आहे. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, हातात पेन्सिल. शेजारी बसा. कोटाची बटणं लावा, कारण काल रात्री उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन गेली आहे आणि आज वायव्येचा वारा सुटला आहे. हाच तो वारा. पक्षी याचीच वाट पाहत होते.

याचं गणित तुम्हाला परकं नाही. पावसाळ्यात नाणेघाटावर उभे राहिलात, तर खालून येणारा वारा कड्यावर आदळून धबधब्याचं पाणी पुन्हा वर फेकतो ते तुम्ही पाहिलं असेल. इथेही तसंच आहे. किटॅटिनीची ही धार ईशान्येकडून नैऋत्येकडे शेकडो मैल एखाद्या भिंतीसारखी सलग गेली आहे. वायव्येचा वारा तिच्यावर जवळजवळ काटकोनात आदळतो आणि वर चढतो. त्या चढत्या हवेवर पंख पसरून बसलं की पक्ष्याला पंख मारायची गरज पडत नाही. एक बाजू किंचित खाली केली की तो धारेबरोबर घसरत दक्षिणेला निघतो. अंगातली चरबी हीच त्याची शिदोरी. ती जपायची तर वाऱ्याच्या खांद्यावरून जायचं. म्हणून रुंद मुलखात विखरून निघालेले पक्षी या एका धारेवर येऊन एकत्र होतात. बंदूकवाल्यांनी हीच जागा निवडली होती ती याच कारणाने, आणि मोजणाऱ्यानेही तीच निवडली.

मोजायचं कसं, ते ब्राउन बोलून दाखवत नाही. त्याच्याकडे पाहत राहिलात की उमगतं. त्याची नजर पक्ष्याच्या मागे जात नाही. ईशान्येला धारेवरच्या उंचवट्यांची रांग आहे, तिथे ती टेकलेली असते. एकेका उंचवट्यावरून दुर्बीण सावकाश सरकते आणि परत येते. मागे वळून गेलेल्या पक्ष्याकडे पाहत राहिलं तर समोरून दोन निसटतात. निळं आभाळ दिसायला सुंदर, पण मोजणाऱ्याला ते नको असतं. त्यात उंचावरचा पक्षी विरघळून जातो. ढग असले की ठिपका उठून दिसतो.

ठिपका दिसला की पिसांचे रंग शोधू नका. एवढ्या अंतरावर रंग नसतातच, असते ती फक्त ढब. पंख किंचित वर उचलून, डुलत डुलत येतं ते गिधाड. फळीसारखे सपाट पंख, जरासुद्धा डुलणं नाही, ते गरुड. पंखांना कोपरात बाक दिसला तर ती मासेखाऊ मोरघार. निमुळते टोकदार पंख आणि थांबायला वेळ नाही अशी चाल, तो ससाणा. थोडं फडफडून तरंगणारा लहानसा पक्षी म्हणजे मघाशी पाहिलेला शिक्र्याचा भाऊबंद. तुम्ही एक ठिपका ओळखायला धडपडत असता तोवर ब्राउनची पेन्सिल वहीत चार रेघा ओढून मोकळी झालेली असते.

तासागणिक नोंद होते. वारा कुठला, किती, आभाळ कसं, कुठल्या जातीचे किती. दुपारी एक मोठा काळपट पक्षी धारेच्या वर दिसतो, सपाट पंखांचा, मानेवर उन्हात सोनेरी झाक. ब्राउन उठून उभा राहतो. सोनेरी गरुड. अमेरिकेच्या पूर्व भागात हा पक्षी कधीतरी वाट चुकून येतो, असं त्या काळचे जाणकार मानत. या कातळावरच्या वहीत तो पहिल्याच हंगामात पुन्हा पुन्हा नोंदला जातो आहे. चुकून येणारा इतक्यांदा चुकत नाही. त्याचीही ही नेहमीची वाट आहे. आजवर इथे कुणी डोळे वर करून बसलंच नव्हतं.

मग एक बाल्ड ईगल येतो. पांढरं डोकं, पांढरी शेपूट, अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा. त्याच्यामागे थोड्या अंतराने दुसरा, सगळा गडद तपकिरी. तोही बाल्ड ईगलच, पण लहान वयाचा. डोकं पूर्ण पांढरं व्हायला त्यांना पाचेक वर्षं लागतात. ब्राउन दोघांना एकाच आकड्यात घालत नाही. वयात आलेले किती आणि कोवळे किती, याचा हिशोब तो वेगळा ठेवतो. हे कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्या दिवशी त्याचं उत्तर कुणाजवळच नव्हतं. जे दिसतं ते पूर्ण लिहायचं, इतकंच.

संध्याकाळ होते. ऊन धारेपलीकडे जातं. काही जातींपुढे आज मोठे आकडे आहेत, काहींपुढे शून्य. तेही त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. उद्या पाऊस असला, धुकं असलं, वारा उलटा असला तरी तो येणार आहे.

आता मोठी उडी. १९५७ चा सप्टेंबर. वाटेतली वर्षं तुम्हाला वहीच्या पानांसारखी झरझर जाताना दिसतील. १९३८ साली या जागेची रीतसर संस्था झाली. १९४३ ते १९४५ ही पानं कोरी आहेत. महायुद्ध चालू होतं आणि ब्राउन नौदलात गेला होता. १९४५ च्या ऑक्टोबरात मात्र थोडं थांबा. कातळावर एक सडपातळ बाई बसली आहे, हातात दुर्बीण. वन्यजीव खात्यात नोकरी करणारी जीवशास्त्रज्ञ, नाव रेचल कार्सन. तिला अजून फारसं कुणी ओळखत नाही. तिचा चेहरा लक्षात ठेवा आणि पुढे चला.

१९५७ मध्ये ब्राउन पन्नाशीत आला आहे. कातळावर गर्दी आहे, पण आता ती दुर्बिणी घेऊन आलेल्यांची. शाळेची पोरं डबे उघडून बसली आहेत. ज्यांच्या बापांनी इथे बंदुका चालवल्या, त्यांतले काही आता पोरांना हॉक दाखवायला आणत असतील. तुम्ही पुन्हा त्याच्या शेजारी बसता.

बाल्ड ईगल येतो. पांढरं डोकं. टाळ्या पडतात. तासाभराने दुसरा. पांढरं डोकं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, पांढरंच. पाहुणे खूश आहेत, कारण त्यांना राजमुद्रेवरचाच गरुड पाहायचा असतो. तुम्ही मात्र दुसरंच काहीतरी शोधता आहात. गडद तपकिरी कुठे आहेत? १९३५ ते १९३९ या वर्षांत इथून गेलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९ या पाच वर्षांत ते प्रमाण २० टक्क्यांवर येणार आहे, आणि हे साल, १९५७, त्यांतलं सगळ्यांत वाईट: ३२ मोठ्यांमागे एक पिल्लू. म्हातारी माणसंच उरलेल्या गावातून वरात चालली आहे आणि बघे टाळ्या वाजवताहेत.

इथे तुमची खरी कसोटी आहे. तुम्हाला कारण माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर, जंगलांवर, डासांवर टनावारी फवारलेली डीडीटी पाण्यात उतरते, पाण्यातून माशांत, माशांतून ते खाणाऱ्या गरुडाच्या चरबीत साठत जाते. तिथे तिच्यापासून बनणारं द्रव्य मादीच्या शरीरात अंड्याच्या कवचावर पुरेसा चुना चढू देत नाही. कवच पातळ होतं, अंडी उबवायला बसलेल्या मादीच्याच वजनाने फुटतं. मोठे पक्षी धडधाकट दिसतात, घरटी बांधतात, दरवर्षी या धारेवरून जातात, आणि त्यांच्यामागे कुणी येत नाही. पण कवच पातळ झाल्याचा पुरावा इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ मांडेल तो १९६७ साली. आज १९५७ आहे. तुमच्या ओठांवर शब्द आला आहे आणि तो उच्चारायला तुम्हाला मनाई आहे. गेलेल्या काळात पाहुण्याने बोलायचं नसतं. शेजारी बसलेल्या माणसाजवळ कारण नाही. त्याच्याजवळ फक्त तेवीस वर्षांपूर्वी सुरू केलेला, वयाचा वेगळा हिशोब आहे.

तेवढा पुरला. १९६० साली त्याच्याकडे पत्र येतं. पाठवणारी रेचल कार्सन, १९४५ ची ती सडपातळ बाई. आता ती अमेरिकेची लाडकी लेखिका आहे आणि कीटकनाशकांवर पुस्तक लिहिते आहे. तिला गरुडांचे आकडे हवे आहेत. विचार करा, त्या वेळी ही संख्या दुसऱ्या कुणाकडे मागता आली असती? जोराच्या फवारणीच्या आधीपासून, एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने मोजलेली पानं किती जणांजवळ होती? रसायनांच्या कंपन्यांजवळ प्रयोगशाळा होत्या, पैसा होता, वकील होते. पण १९३५ सालचे गरुड कुणालाही मागे जाऊन मोजता येणार नव्हते. ते ज्याने मोजले होते त्यानेच मोजले होते. १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं, त्यात हे आकडे छापले गेले. रोझली एज त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वारल्या. १९७२ साली अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला.

हे सांगताना आपल्या गिधाडांची आठवण टाळता येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी देशभर रस्त्यांनी फिरून शिकारी पक्ष्यांची मोजणी केली होती. तेव्हा गिधाडं एवढी होती की त्यांची काळजी करावी असं कुणाला सुचलंही नसतं. २००० साली पुन्हा त्याच मार्गांवर गेल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झालेली आढळली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांना मारतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पहिली मोजणी झाली नसती तर ‘पूर्वी पुष्कळ होती हो’ एवढंच आपण म्हणत बसलो असतो. त्या बोलण्यावर कुठलंही सरकार औषध बंद करत नाही.

चला, आता थोडा आनंदही पाहून घ्या. १४ सप्टेंबर १९७८.

सकाळपासून हवा संथ आहे, ऊन चढतं आहे. आज धारेवरच्या वाऱ्याचा खेळ नाही, आज उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा आहे. दहाच्या सुमाराला तुमच्या शेजारची मुलगी आभाळाकडे बोट दाखवते. काहीच दिसत नाही. मग दुर्बीण लावता, तर निळ्यात मिऱ्यासारखे काळे कण फिरताहेत. ब्रॉड-विंग्ड हॉक. कावळ्याएवढा, आटोपशीर बांध्याचा, शेपटीवर काळेपांढरे पट्टे. हा घोळक्याने प्रवास करणारा. उत्तर अमेरिकेच्या जंगलांतून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो आणि या धारेवरून सप्टेंबरच्या मधल्या काही दिवसांतच बहुतेक सगळे निघून जातात. आजारपणाने आठवडाभर घरी राहिलात तर वर्षभराचा ब्रॉड-विंग हुकला.

तापलेली हवा जिथे वर चढते तिथे ते शिरतात आणि गोल गोल फिरत चढतात. खालून नवे येत राहतात. ही घिरटी मोजायचा प्रयत्न करू नका, भोवळ येईल आणि आकडाही चुकेल. थांबा. माथ्यावर हवा थंड होते, चढ संपतो, आणि तिथून एकेक पक्षी पंख आवळून दक्षिणेकडे सुटतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, अशी सुतासारखी ओळ निघते. मोजायचं ते त्या ओळीला. दोघंतिघं मोजणारे आभाळ वाटून घेतात म्हणजे एकच पक्षी दोनदा येत नाही. हातातलं मोजयंत्र टकटक वाजतं. पहिल्यांदा एकेक, मग दहादहाचे गट करून. दुपारनंतर कुणी बोलत नाही. मान अवघडते, डोळ्यांतून पाणी येतं, ते बाहीने पुसायलाही सवड नसते. एक घिरटी रिकामी होते तोवर तिच्यामागे दुसरी भरलेली असते.

दिवसअखेर बेरीज होते. एकवीस हजारांहून जास्त. या कातळावरून एका दिवसात एवढे शिकारी पक्षी त्याआधी कुणी मोजले नव्हते. वर्षभराची सरासरीच वीस हजारांच्या आसपास असते. मॉरिस ब्राउन बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाला आहे. आकडा ज्या रकान्यात भरला जातो आहे तो त्याने आखलेला आहे.

शेवटचा मुक्काम तुमच्याच काळातला, या वर्षाचा शरद. पंधरा ऑगस्टला मोजणी सुरू होते आणि पंधरा डिसेंबरला थांबते. आज कातळावर तुम्हीही मोजायला बसता. तासाभरात तीन बाल्ड ईगल जातात. त्यांतला एक गडद तपकिरी आहे, आणि शेजारच्या कुणाला त्याचं काही नवल वाटत नाही. आता हंगामात ते शेकड्यांनी जातात. पेरेग्रिन ससाणाही जातो. डीडीटीने तो पूर्व अमेरिकेतून घरटी करणारा पक्षी म्हणून साफ पुसला गेला होता, माणसांनी हाताने वाढवून परत सोडला.

पण वहीत दुसऱ्या एका नावापुढचा आकडा उतरतो आहे. अमेरिकन केस्ट्रेल, तिथला सगळ्यांत छोटा ससाणा. विटकरी पाठ, नराचे पंख निळसर, गालावर दोन काळ्या उभ्या रेघा. कुरणांवर हवेत जागच्या जागी थांबून टोळ आणि उंदीर टिपतो. एके काळी दर शेताच्या तारेवर दिसायचा. गेल्या काही दशकांत ईशान्य अमेरिकेतल्या मोजणीच्या ठिकाणांवर तो कमी कमी होत चालला आहे. काहीजण म्हणतात कुरणं घरांखाली गेली, काहीजण म्हणतात मोठे हॉक वाढले ते याला खातात, काहीजण नव्या कीटकनाशकांकडे बोट दाखवतात, काहीजण म्हणतात की हिवाळ्यात तो जिथे जातो तिथे काहीतरी बिघडलं आहे. आसपासच्या शेतांवर संस्थेने त्याच्यासाठी लाकडी घरट्यांच्या पेट्या लावल्या आहेत, गेल्या शतकाच्या मध्यापासून. तिथली अंडी आणि पिल्लंही मोजली जातात. एकच कारण अजून कुणाला पकडता आलेलं नाही.

दुपारचे दोन. वारा वायव्येकडून, ढग अर्धे. तुमच्या मांडीवर तक्ता आहे आणि ईशान्येच्या तिसऱ्या उंचवट्यावर टोकदार पंखांचा एक बारीक ठिपका आला आहे, भरभर पंख मारत. तो केस्ट्रेल आहे की मर्लिन हा दुसरा ससाणा, हे तुम्हाला पुढच्या आठ-दहा सेकंदांत ठरवायचं आहे. दुर्बीण उचला.